गोण्या कोण उचलणार, हे आधी ठरवा : कंपनीच्या स्वच्छता मोहिमेसाठी नवख्यांना मार्गदर्शन

नाशिकमधील सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीच्या एखाद्या कारखान्यातील कर्मचारी जवळच्या वस्तीत जाऊन रस्त्याकडेचा कचरा उचलण्याचे ठरवतात, तेव्हा पहिल्या बैठकीत साधारणपणे टी-शर्टचा रंग, प्रमुख पाहुणे आणि नाश्ता या तीन विषयांवर चर्चा होते. जमा झालेला कचरा त्या दिवशी दुपारी नेमका कोणत्या वाहनात आणि कोठे जाणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्हीही तो विचारला नव्हता. आमच्या पहिल्या मोहिमेत सुमारे साठ जणांनी दोन तासांत चाळीसहून अधिक गोण्या भरल्या, त्या रस्त्याच्या कडेला ओळीने लावल्या, त्यांच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढले आणि सर्व जण घरी गेले. सोमवारी कामावर येताना त्याच रस्त्याने आलो, तेव्हा निम्म्याहून अधिक गोण्या गाईंनी व कुत्र्यांनी फाडलेल्या होत्या आणि आधी लांबवर विखुरलेला कचरा आता एकाच घराच्या कुंपणाजवळ साचला होता. त्या घरातील आजींनी आम्हाला जे सुनावले, ते योग्यच होते. पुढील सर्व सूचना त्या सोमवारपासून सुरू झालेल्या शिक्षणातून आलेल्या आहेत, आणि म्हणून त्यांचा क्रमही नेहमीच्या क्रमापेक्षा थोडा उलटा आहे.

जागेची निवड

जागा लहान निवडावी. तीस माणसे आणि दीड तास एवढे बळ असेल, तर रस्त्याच्या दोन्ही बाजू धरून तीनशे-चारशे मीटरचा पट्टा पुरेसा होतो. ‘संपूर्ण अशोकनगर’ किंवा ‘त्र्यंबक रोड’ असे उद्दिष्ट ठरवले, तर माणसे पांगतात, वरवरच्या बाटल्या तेवढ्या उचलल्या जातात आणि गवतात रुतलेल्या पिशव्या जागच्या जागी राहतात. शक्य असल्यास कंपनीपासून चालत जाता येईल अशी जागा घ्यावी, कारण तेथे पुन्हा जाणे सोपे असते, आणि पुन्हा जाण्यावर या कामाचे बरेच काही अवलंबून आहे.

त्यानंतर ती जागा कोणाच्या अखत्यारीत आहे, हे पाहावे. वस्तीतील रस्ता महापालिकेचा असतो, औद्योगिक वसाहतीतील रस्त्यांबाबत एमआयडीसीकडेही विचारावे लागते, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला महामार्ग प्राधिकरणाचा संबंध येतो, आणि पांडवलेणीच्या परिसरात काही करायचे असेल, तर डोंगरासाठी वन विभाग आणि लेण्यांसाठी पुरातत्त्व विभाग यांना विचारल्यावाचून एक पाऊलही टाकू नये. नवख्यांनी पहिल्या वर्षी महापालिकेच्या साध्या रस्त्यावर काम करावे, असे माझे मत आहे. गोदाघाट आणि रामकुंड ही नावे अहवालात शोभून दिसतात, परंतु तेथे भाविकांची वर्दळ असते, निर्माल्याचा प्रश्न नाजूक असतो आणि स्वच्छतेसाठी येणाऱ्या संस्थांची कमतरता नसते. त्याउलट नासर्डी म्हणजेच नंदिनी नदी सातपूरच्या बाजूने वाहत येऊन पुढे टाकळीजवळ गोदावरीला मिळते, आणि तिच्या काठावरच्या वस्त्यांतील रस्त्यांवर पडलेली पिशवी पहिल्या जोरदार पावसात त्याच वाटेने गोदावरीत पोहोचते. घाटावर न जाताही गोदेसाठी काम करता येते, ते असे.

जागा ठरल्यावर एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी तेथे दोघांनी जाऊन फिरावे. सकाळी घंटागाडी किती वाजता येते आणि ती आल्यानंतर कोण कचरा बाहेर आणते, हे दिसते. घंटागाडी नाशिककरांच्या परिचयाची होऊन दोन-अडीच दशकांहून अधिक काळ लोटला आहे, त्यामुळे गाडी येत नाही म्हणून कचरा रस्त्यावर पडतो, हे स्पष्टीकरण फारसे पुरे पडत नाही. बहुतेक वेळा असे आढळते की गाडी सकाळी आठला येते आणि त्या गल्लीतील दोघेही नवरा-बायको साडेसातच्या पाळीला गेलेले असतात, म्हणून पिशवी कामावर जाता जाता कोपऱ्यावर ठेवली जाते. संध्याकाळच्या फेरीत वडापावच्या गाड्या, चहाच्या टपऱ्या आणि मद्याच्या दुकानाबाहेरचे मोकळे भूखंड यांचा हिशेब कळतो. हे निरीक्षण वहीत लिहून ठेवावे, कारण मोहिमेनंतर कोणाशी काय बोलायचे, हे त्यावरूनच ठरते.

महापालिकेशी बोलणे

नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत : नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिक रोड, नवीन नाशिक आणि सातपूर. आपली जागा ज्या विभागात येते, त्या विभागीय कार्यालयात घनकचरा व्यवस्थापनाच्या विभागीय अधिकाऱ्यांच्या नावे कंपनीच्या लेटरहेडवर पत्र द्यावे आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. पत्रात तारीख, वेळ, रस्त्याचा नेमका पट्टा, स्वयंसेवकांची संख्या आणि अंदाजे किती गोण्या निघतील, एवढे लिहिले म्हणजे पुरते. शरणपूर रोडवरील मुख्यालयात, म्हणजे राजीव गांधी भवनात, थेट जाण्याची गरज सहसा पडत नाही. तेथे दिलेले पत्रही शेवटी खाली विभागाकडेच येते आणि मधल्या काळात आठवडा निघून जातो.

पत्र दिल्यावर काम झाले, असे मानू नये. त्या प्रभागाचे स्वच्छता निरीक्षक आणि त्यांच्या हाताखालचे मुकादम यांना प्रत्यक्ष जागेवर भेटावे. चाळीस गोण्या घंटागाडीत बसत नाहीत, कारण ती घरोघरचा कचरा घेण्यासाठी असते आणि तिची फेरी ठरलेली असते. त्यामुळे स्वतंत्र वाहन केव्हा येईल, ते जेथे उभे राहील ती जागा कोणती, आणि गोण्या चढवण्यासाठी आपली किती माणसे थांबली पाहिजेत, हे मुकादमांशी बोलूनच पक्के होते. वाहन मिळत नसेल, तर कंपनीने टेम्पो भाड्याने करावा आणि तो पाथर्डी शिवारातील खत प्रकल्पावर नेण्याची परवानगी लेखी घ्यावी. यांपैकी कोणतीही एक सोय नक्की होईपर्यंत मोहिमेची तारीख जाहीर करू नये. हा नियम आम्ही पाळायला लागल्यापासून दोन वेळा तारीख पुढे ढकलावी लागली, तरी गोण्या रस्त्यावर राहिल्या नाहीत.

मुकादमांना आणखी एक गोष्ट आवर्जून विचारावी : ‘दादा, या रस्त्यावर तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ रोज झाडणाऱ्या माणसाला कचऱ्याचे मूळ माहीत असते. आम्हाला एकदा उत्तर मिळाले होते की झाडण्याचा त्रास नाही, गटाराच्या जाळीत अडकलेल्या गुटख्याच्या पुड्यांचा आहे, आणि त्या दिवशी आम्ही रस्ता सोडून अकरा जाळ्या मोकळ्या केल्या.

कंपनीच्या आतील तयारी

सातपूर-अंबडच्या अनेक कारखान्यांना शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि ती या कामासाठी सोयीची ठरते, कारण त्या दिवशी महापालिकेची यंत्रणा चालू असते. रविवारी मोहीम घेतली, तर माणसे मिळतात, पण वाहन मिळवणे अवघड जाते.

सहभाग खरोखर ऐच्छिक असावा. सुपरवायझरने रजिस्टर घेऊन नावे लिहायला सुरुवात केली की तो ऐच्छिक राहत नाही, आणि कंत्राटी कामगारांना तर नाही म्हणणे कठीण असते. त्यांना सुट्टीच्या दिवशी बोलवायचे असेल, तर न आल्यास काहीही बिघडणार नाही, हे एचआरने स्पष्ट शब्दांत सांगावे; कामाच्या वेळेत न्यायचे असेल, तर त्या तासांचा पगार कापला जाऊ नये. साहेब मंडळींनी छत्रीखाली उभे राहून देखरेख करू नये, हेही येथेच नमूद करतो. ज्या मोहिमेत प्लांट हेड स्वतः गटाराशी वाकतात, तिची चर्चा पुढे महिनाभर कँटीनमध्ये चालते.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चाबाबत नवख्यांमध्ये एक गैरसमज असतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. परंतु कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांची किंमत काढून ती या खर्चात दाखवता येत नाही. म्हणून मोहिमेचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, हे लेखा विभागाला आधी विचारावे. खर्च तसाही फार नसतो, आणि असेल तर तो बहुधा टी-शर्टांवर झालेला असतो. फ्लेक्सचा फलक करू नये. तो स्वतःच प्लॅस्टिकचा असतो आणि आठवडाभराने त्याच रस्त्यावर लोंबताना दिसतो. कापडी फलक दहा वेळा वापरता येतो.

साहित्य

कारखान्यातील माणसांना एक फायदा असतो : सुरक्षिततेची सवय. सेफ्टी शूज सर्वांकडे असतात आणि ते या कामासाठी सर्वोत्तम आहेत; चपला किंवा सँडल घालून आलेल्याला पाणी वाटपाचे काम द्यावे. स्टोअरमध्ये मिळणारे साधे सुती हातमोजे मात्र चालत नाहीत, कारण ते ओले होतात आणि काच त्यांतून सहज आरपार जाते. तळव्यावर रबराचा जाड थर असलेले हातमोजे घ्यावेत आणि दर पाच जोड्यांमागे एक जोडी जास्त ठेवावी. काळ्या पातळ पिशव्यांऐवजी विणलेल्या गोण्या वापराव्यात. पशुखाद्याच्या किंवा सिमेंटच्या रिकाम्या गोण्या स्वस्तात मिळतात, ओढल्या तरी फाटत नाहीत आणि गाडी रिकामी झाल्यावर परत आणता येतात. दोघांमागे एक लांब चिमटा, दहा जणांमागे दोन खराटे, एक फावडे, एक घमेले आणि एक दाताळे एवढे पुरते. काच आणि टोकदार वस्तूंसाठी प्लॅस्टिकची जाड बादली किंवा रंगाचा रिकामा डबा स्वतंत्र ठेवावा. पाण्यासाठी जार आणि स्टीलचे पेले न्यावेत. कचरा उचलायला येऊन साठ बाटल्यांचा नवा कचरा निर्माण करणे कोणालाच शोभत नाही. काम संपल्यावर मिसळ खाण्याचा बेत असेल, आणि नाशिकमध्ये तो असतोच, तर ती हॉटेलात बसून खावी, द्रोण-पत्रावळीत मागवू नये.

स्वयंसेवकांपैकी ज्यांनी गेल्या पाच वर्षांत धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले नाही, त्यांनी ते आधी घ्यावे. प्रथमोपचार पेटी, जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक आणि एक मोकळे चारचाकी वाहन जागेवर असावे. कंपनीचा अपघात विमा कारखान्याबाहेरील अशा कामाला लागू होतो का, हे एचआरकडून लेखी विचारून घ्यावे.

ऋतूचाही विचार करावा. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम असतो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेसहाला सुरू करून साडेआठला थांबावे. जून ते सप्टेंबर या काळात नाले आणि नदीकाठ पूर्णपणे टाळावेत. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायांपासून छातीपर्यंत पाणी किती चढले, हे सारे शहर पाहते, परंतु उपनाल्यांतील पाणी कोणी मोजत नसते आणि ते अचानक वाढते. शिवाय साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, आणि पायाला जखम असलेल्याने तर त्यात उतरूच नये.

प्रत्यक्ष काम

सर्वांना एका जागी उभे करून पाच मिनिटांचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षा सूचनांचा संवाद, घ्यावा, जसा तो शॉपमध्ये घेतला जातो. भाषणे येथे ठेवू नयेत. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि कीर्तन रात्री करत. पाहुण्यांनाही हाच क्रम सांगावा. दोघा-दोघांच्या जोड्या कराव्यात, एकाने गोणी धरावी आणि दुसऱ्याने उचलावे, वीस मिनिटांनी अदलाबदल करावी. सहा जोड्यांमागे एक प्रमुख असावा आणि त्याने स्वतः कचरा न उचलता वाहनांकडे व माणसांकडे लक्ष ठेवावे. रस्त्याच्या कडेला काम करताना वाहनांकडे तोंड करून पुढे सरकावे आणि अंगावर परावर्तक जाकीट असावे. एक तास झाला की पाण्यासाठी थांबावे, आणि दीड तासानंतर उत्साह कितीही असला तरी काम आवरते घ्यावे, कारण हाताला काच लागण्याचे प्रकार शेवटच्या अर्ध्या तासात होतात.

दगड, पत्र्याचा तुकडा किंवा जुनी पोती उलथवण्यापूर्वी काठीने हलवून पाहावीत. खाली विंचू किंवा साप असू शकतो. साप दिसल्यास त्या जागेचे काम सोडून द्यावे आणि सर्पमित्राला बोलवावे, मारण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

काही वस्तूंना नवख्यांनी हात लावायचा नाही. इंजेक्शनच्या सुया, सलाईनच्या नळ्या, रक्ताळलेले कापूस हा जैववैद्यकीय कचरा आहे. तो दिसला तर भोवती खूण करावी, छायाचित्र घ्यावे आणि निरीक्षकांना कळवावे. एखाद्याला सुई टोचलीच, तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढत बसू नये आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे, कारण एचआयव्हीप्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी चांगली अशी सुरू करायची असतात. मेलेली जनावरे, अनोळखी रसायनांचे डबे आणि बांधकामाचा राडारोडा हेही आपले काम नाही. औद्योगिक वसाहतीजवळ तेलकट चिंध्यांनी भरलेल्या पिशव्या सापडतात. त्या कोणाच्या आहेत याचा अंदाज सर्वांना असतो, तरीही तेथे वाद न घालता महापालिका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे लेखी तक्रार करावी. त्या आपल्याच कंपनीच्या निघाल्या, तर तक्रारीच्या आधी आपल्याच गेटच्या आत जावे.

एक वेगळा प्रश्न पिंपळाच्या किंवा वडाच्या बुंध्याशी हमखास उभा राहतो. तेथे देवांच्या तडकलेल्या तसबिरी, मूर्ती, नारळ आणि सुकलेले हार ठेवलेले असतात. हे गोणीत कोंबू नये. जवळच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला बोलवून ‘काका, हे आम्ही वेगळ्या क्रेटमध्ये नेतो, चालेल ना?’ असे विचारावे. आजवर आम्हाला कोणी नाही म्हटलेले नाही. न विचारता हात लावला असता, तर काय झाले असते, याची मात्र कल्पना करता येते. फुले-पाने निर्माल्य म्हणून खतासाठी द्यावीत, काच आणि चौकट वेगळी करावी.

वेगळे करणे

घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 मध्ये ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग सांगितले होते, आणि रस्त्यावर उचलतानाच ते वेगळे ठेवले, तर पुढचे काम निम्मे होते. प्रत्येक जोडीने दोन गोण्या ठेवाव्यात. एकीत भंगारात किंमत येणाऱ्या वस्तू, म्हणजे पेटच्या बाटल्या, दुधाच्या स्वच्छ पिशव्या, पुठ्ठा, पत्रा आणि अखंड काचेच्या बाटल्या; दुसरीत ज्यांना कोणी हात लावत नाही अशा वस्तू, म्हणजे वेफर्सची पाकिटे, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल आणि चहाचे कागदी कप, ज्यांच्या आतील बाजूस प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. पहिल्या प्रकारची गोणी त्या भागात फिरणाऱ्या कचरावेचक महिलांना द्यावी. तो त्यांच्या रोजीचा माल आहे, आणि साठ धडधाकट माणसांनी एका सकाळी तो उचलून नेला, तर त्या दिवशी त्यांची पाटी रिकामी राहते. हे आम्हाला एका मावशींनी सांगितले, तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही मनात ते आलेले नव्हते.

गोण्या मोजाव्यात आणि शक्य असल्यास स्प्रिंगच्या काट्यावर वजनही करावे. प्लॅस्टिकने गच्च भरलेली गोणी पाच-सहा किलोंच्या पुढे क्वचित जाते, आणि माती मिसळली की तीच वीस किलोंची होते, त्यामुळे ‘अर्धा टन कचरा गोळा केला’ अशा बातमीत बऱ्याचदा अर्धी माती असते. शेवटचा कचरा तेथेच पेटवून देण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये भरपाई भरावी लागेल, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये दिला होता, एवढे त्याला सांगावे.

गाडी भरेपर्यंत किमान सहा जणांनी थांबावे. ही सहा नावे आदल्या दिवशीच ठरवावीत.

मोहिमेनंतर

पहिल्या फेरीच्या निरीक्षणांची वही आता उपयोगी पडते. टपरीवाल्यांकडे जाताना उपदेश घेऊन जाऊ नये, झाकणाचा डबा घेऊन जावे आणि तो रोज कोण रिकामा करणार, हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. हलक्या पिशव्या देणाऱ्या दुकानदाराला महाराष्ट्रात 2018 पासून प्लॅस्टिकबंदी आहे, आणि 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे, याची आठवण करून देता येते. पण दंड करण्याचा अधिकार आपल्याला नाही, तो महापालिकेचा आहे, हे विसरू नये. घंटागाडीच्या वेळेचा प्रश्न असेल, तर गल्लीतील आठ-दहा घरांच्या सह्यांचे पत्र निरीक्षकांना द्यावे. आम्ही काम केलेल्या एका गल्लीत गाडीची वेळ पाऊण तास अलीकडे आली आणि कोपऱ्यावरचा ढीग जवळजवळ नाहीसा झाला. तेवढे काम आमच्या तीन मोहिमांनी मिळूनही झाले नव्हते.

तीन आठवड्यांनी त्याच पट्ट्यात फक्त चौघांनी जावे आणि पहिल्या दिवशी जेथून छायाचित्रे घेतली, त्याच जागांवरून पुन्हा घ्यावीत. कचरा पुन्हा दिसेल, पण तो कोठे दिसतो, यावरून पुढच्या वेळी कोठून सुरुवात करायची, हे कळते. गोण्या झटकून, हातमोजे धुऊन, चिमट्यांच्या स्प्रिंगला तेल देऊन सर्व साहित्य स्टोअरमध्ये एकाच रॅकवर ठेवावे. मुकादमांचा व गाडीचालकाचा क्रमांक, गोण्यांची संख्या, कोणत्या जाळ्या तुंबल्या होत्या आणि कोणत्या वळणावर वाहने जोरात येतात, हे एका पानावर लिहून त्याच रॅकला अडकवावे, कारण पुढच्या मोहिमेचे काम बहुधा दुसऱ्याच शिफ्टकडे गेलेले असते.